देवघेव काउंटरवरचा सतरा इंची मॉनिटर : कामाच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४

वाचनालयाच्या देवघेव काउंटरवरचा संगणक आज हाती घेतला. तक्रार जुनीच आहे: अक्षरं पुसट दिसतात आणि संध्याकाळपर्यंत ग्रंथपाल ताईंचं डोकं चढतं. कार्यवाहांच्या मते मॉनिटर म्हातारा झालाय, नवा घ्यायचा तर पुढचं अनुदान येईपर्यंत थांबा. दिवाळी अंकांची योजना मात्र अनुदानासाठी थांबत नाही. दसरा झाला की नावनोंदणी सुरू, आणि मग काउंटरला उसंत नसते. त्याआधी जमेल ते करायचं.

सामान असं. कोअर टू ड्युओचा डेस्कटॉप, जी४१ चिपसेट, ग्राफिक्स मदरबोर्डवरचंच. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. मॉनिटर सतरा इंची एलसीडी, जवळजवळ चौकोनी, मागे एकच व्हीजीए सॉकेट. दाखल नोंदवही आणि सभासदांची यादी लिबरऑफिस कॅल्कमध्ये.

डिस्प्ले सेटिंग उघडलं तर रिझोल्यूशनच्या यादीत १०२४ × ७६८ च्या वर काही नाहीच. टेप लावून दिसणारी काच मोजली: ३४ सेंटिमीटर रुंद, २७ उंच, म्हणजे साधारण ५:४. सतरा इंची ५:४ पॅनल म्हणजे १२८० × १०२४. पडदा ठीक आहे, त्याला चित्रच अपुरं मिळतंय.

गणित केलं की दुखणं लगेच कळतं. १०२४ चे १२८० करायचे तर आडवा ताण सव्वापट. ७६८ चे १०२४ करायचे तर उभा ताण १.३३ पट. दोन्ही सारखे नाहीत, त्यामुळे प्रत्येक अक्षर उंचीत सहा-सात टक्के जास्त ताणलं जातं आणि वर्तुळ अंड्यासारखं दिसतं. शिवाय एका ठिपक्याचे पूर्ण दोन ठिपके होत नाहीत, सव्वा होतो. तो पाव भाग शेजारच्यात मिसळतो आणि कडा राखाडी होते. रोमन लिपीत हे एक वेळ खपून जातं. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांच्यातला फरक एखाद्या गाठीचा किंवा बारीक रेषेचा असतो, आणि तीच राखाडीत बुडते. दाखल नोंदवही वरवर चाळली तर एका कवितासंग्रहाच्या नावात ‘घन’चं ‘धन’ झालेलं सापडलं. ताई म्हणाल्या, “दादा, मी तर नीटच टाइप केलं होतं, पडद्यावर बरोबरच दिसत होतं.” पडद्यावर दोन्ही सारखंच दिसत होतं, एवढाच त्याचा अर्थ.

२३ सप्टेंबर

संगणक १०२४ × ७६८ वरच का अडलाय ते बघितलं.

मॉनिटर जोडला की संगणक त्याला विचारतो, तू कोण, तुला काय काय दाखवता येतं? मॉनिटरच्या आत एका छोट्या चिपमध्ये १२८ बाइटांची ओळखचिठ्ठी असते, तिला ईडीआयडी म्हणतात. कंपनीची तीन अक्षरं, बनवल्याचा आठवडा आणि वर्ष, पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, आणि कोणकोणते मोड (रिझोल्यूशन आणि वेगाच्या जोड्या) चालतात, हे सगळं तिच्यात. व्हीजीए आयबीएमने १९८७ साली आणलं तेव्हा ही सोय नव्हती. १९९४ मध्ये व्हेसा या पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या संघटनेने डीडीसी नावाने ती आणली आणि जुन्याच पंधरा पिनांच्या कनेक्टरमधल्या दोन पिना, १२ आणि १५, या बोलण्यासाठी दिल्या.

लिनक्समध्ये ही चिठ्ठी फाइलसारखी वाचता येते. सिस फोल्डरमध्ये डीआरएम या ग्राफिक्सच्या विभागाखाली प्रत्येक कनेक्टरचं एक घर असतं, त्यात ईडीआयडी नावाची फाइल. यादीत तिची लांबी नेहमी शून्यच दिसते, तिकडे लक्ष द्यायचं नाही; फाइल वाचायची आणि बाइट मोजायचे. वाचली. एकही बाइट नाही.

म्हणजे संगणकाला समोर कोणी आहे हे कळतंय, कोण ते कळत नाहीये. अशा वेळी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जोखीम घेत नाही. सगळीकडे चालतील असे मोड देतो आणि १०२४ × ७६८ ला थांबतो. त्याचं बरोबरच आहे. जुन्या सीआरटीला, म्हणजे काचेच्या नळीच्या मॉनिटरला, भलती वारंवारता दिली तर आतली सर्किटं जायची भीती असायची. एलसीडी फक्त ‘आउट ऑफ रेंज’ म्हणून गप्प बसतो.

संशयित तीन: संगणकाचा पोर्ट, केबल, मॉनिटरमधली चिप. आज हाताशी ना दुसरी केबल, ना मल्टिमीटर. तोवर चिठ्ठीशिवाय काम भागवायचं.

२५ सप्टेंबर

एक्सरँडर या पडद्याचे मोड बदलणाऱ्या आज्ञेने हाताने मोड घातला. पद्धत सगळीकडे सांगतात तीच: सीव्हीटी या आज्ञेला रुंदी, उंची आणि ६० हर्ट्झ सांगायचे, ती आकड्यांची एक ओळ देते, ती न्यूमोडने नोंदवायची, अॅडमोडने व्हीजीए-१ ला जोडायची आणि लावायची. पुढे वीस सेकंद थांबून आपोआप जुन्या मोडवर परत ये, असंही त्याच ओळीत जोडून दिलं. पडदा काळा झालाच तर आंधळेपणाने टाइप करत बसावं लागत नाही.

काळा झाला नाही. १२८० × १०२४ उघडलं, आकार बरोबर, वर्तुळ गोल. ताई खूश. मी नाही. जवळून पाहिलं तर पडद्यावर उभे पट्टे होते: एका पट्ट्यात अक्षरं कोरल्यासारखी, शेजारच्यात धुरकट, पुन्हा कोरीव, पुन्हा धुरकट. कॅल्कमध्ये एकच नाव पंचवीस रकान्यांत भरून ठेवलं तर काही रकाने स्वच्छ आणि काही अंधुक, एक आड एक. मॉनिटरचं ऑटो बटण दाबलं. चित्र जरा सरकलं, पट्टे तसेच.

जिंपमध्ये १२८० × १०२४ चं चित्र बनवलं, एक उभी रेघ काळी, एक पांढरी, एकेका पिक्सेलची, शेवटपर्यंत. पूर्ण पडदाभर, शंभर टक्के आकारात लावलं. असं चित्र मॉनिटरच्या पोटातलं सगळं बाहेर काढतं. पट्टे मोजले, अठराच्या आसपास भरले.

या अठराला कारण आहे. व्हीजीएच्या तारेतून पिक्सेल सुटे सुटे येत नाहीत; एक सलग चढ-उतार होणारा विद्युतदाब येतो, आणि एका ओळीचे किती तुकडे पाडायचे हे मॉनिटरला स्वतः ठरवावं लागतं. १२८० हे दिसणारे. दोन ओळींच्या मधली मोकळी जागा धरून पूर्ण ओळ बरीच लांब असते. सीव्हीटीने दिलेल्या मोडमध्ये ती १७१२ पिक्सेलांची आहे, पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवण्याचा वेग, १०९ मेगाहर्ट्झ. मॉनिटरच्या तक्त्यात १२८० × १०२४ ला ६० हर्ट्झचा एकच मोड, व्हेसाचा जुना ठरावीक, आणि त्यात पूर्ण ओळ १६८८ ची. आलेला सिग्नल त्याला तोच वाटला आणि त्याने १७१२ चे १६८८ तुकडे पाडले. फरक २४. ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याची मोजणी चोवीस वेळा चुकते आणि चोवीस वेळा जुळते. दिसणारा भाग ओळीच्या सुमारे पाऊण, म्हणून अठरा.

मेनूत क्लॉक हाताने वाढवून हे जुळवता येतं. पण सिग्नल चुकीचा ठेवून मॉनिटर वाकवण्यापेक्षा त्याला हवा तोच सिग्नल द्यावा.

२६ सप्टेंबर

व्हेसाच्या तक्त्यातले आकडे घातले. पुढे कोणाला लागतील म्हणून इथे उतरवून ठेवतो:

पिक्सेल क्लॉक १०८ मेगाहर्ट्झ. आडवे १२८०, १३२८, १४४०, १६८८. उभे १०२४, १०२५, १०२८, १०६६. दोन्ही सिंक (ओळ आणि चित्र कुठे सुरू होतं ते सांगणारे इशारे) धन.

पडताळा सोपा आहे. १०८ दशलक्षला १६८८ ने भागलं की सेकंदाला सुमारे ६३,९८० ओळी, त्याला १०६६ ने भागलं की ६०.०२ हर्ट्झ. सीव्हीटीचा मोड ५९.८९ ला येत होता आणि त्याची आडवी सिंक ऋण होती. माणसाला दोन्ही ‘साठ’च.

मोड लावला, पांढरं पान उघडून ऑटो दाबलं. उभे पट्टे एका झटक्यात गेले. रेघांच्या चित्रावर अजून थोडी थरथर होती, ती फेजची. क्लॉक म्हणजे ओळीचे तुकडे किती, आणि फेज म्हणजे प्रत्येक तुकड्यात नेमकं कुठे बोट ठेवून मोजायचं. कडेवर बोट पडलं तर काळं की पांढरं हे दर क्षणी बदलतं. मेनूत फेज एकेक अंशाने सरकवत नेली. पडदा आधी राखाडी उकळल्यासारखा दिसत होता, मग एका जागी अचानक शांत, काळ्या-पांढऱ्या रेघा वेगळ्या. तिथून आणखी पुढे नेलं की परत उकळी. शांत पट्ट्याच्या दोन्ही टोकांचे आकडे बघून मधला ठेवला.

एक गोष्ट ताईंना सांगून ठेवली. ऑटो बटण काळ्या वॉलपेपरवर किंवा लॉगिनच्या गडद पडद्यावर कधी दाबायचं नाही. चित्राच्या कडा कुठे आहेत ते मॉनिटर उजेडावरून ओळखतो; काळ्या कडा त्याला मोकळी जागा वाटतात आणि तो चित्र भलतीकडे सरकवतो. आधी कॅल्कचं कोरं पान पूर्ण पडदाभर उघडायचं, मगच बटण.

मॉनिटर सुरू केल्याकेल्या फेज लावण्यातही अर्थ नाही. अर्धा तास तापू द्यायचा.

२९ सप्टेंबर

एक्सरँडरने घातलेला मोड संगणक बंद झाला की जातो. लॉगिननंतर चालणारी स्क्रिप्ट लिहिता येते, पण मग लॉगिनचा पडदा आधी १०२४ वर येतो, पासवर्ड दिला की १२८० वर उडी. दर वेळी मॉनिटर दोन सेकंद आंधळा. ते नको.

म्हणून एक्स-ऑर्गच्या, म्हणजे पडद्यावर चित्र मांडणाऱ्या प्रणालीच्या, कॉन्फिग फोल्डरमध्ये स्वतंत्र फाइल केली. मॉनिटरचा एक विभाग, त्यात वरचीच आकड्यांची ओळ, आणि हाच मोड पसंतीचा असं सांगणारी एक ओळ. विभागाला दिलेलं नाव एक्सरँडरमध्ये दिसणाऱ्या कनेक्टरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. फाइल बिघडली तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने साध्या अक्षरांच्या कन्सोलवर जाऊन ती काढायची. हे कागदावर लिहून सीपीयूच्या बाजूला चिकटवलं.

बंद करून सुरू केलं. लॉगिनपासूनच १२८० × १०२४.

३ ऑक्टोबर

घटस्थापना. काउंटरवर गर्दी, हात लावला नाही.

५ ऑक्टोबर

मल्टिमीटर घेऊन गेलो. केबल दोन्ही बाजूंनी सोडवली. कनेक्टरमध्ये पाच-पाच पिनांच्या तीन ओळी: वरच्या ओळीतल्या १, २, ३ म्हणजे लाल, हिरवा, निळा; मधल्या ओळीत त्यांच्या परतीच्या तारा; खालच्या ओळीत १३ आणि १४ या दोन सिंक, आणि त्यांच्या दोन बाजूंना १२ आणि १५. मीटर बीपवर ठेवून एकेक पिन तपासली. एकाच केबलची दोन्ही टोकं समोर धरली की पिनांचे क्रम उलटसुलट होतात, म्हणून आधी पिन १ ची जोडी पक्की केली आणि मग पुढे गेलो.

१, २, ३ ला बीप. १३, १४ ला बीप. १२ गप्प, १५ गप्प.

मग केबलच्या अंगावरची बारीक छपाई भिंगातून वाचली. तिथे ‘३+२’ असं सरळ छापलेलं आहे. तीन जाड तारा रंगांच्या, दोन बारीक सिंकच्या, संपलं. ओळखचिठ्ठीच्या तारा आत घातलेल्याच नाहीत. चित्र दिसतं, त्यामुळे केबलचा संशय कोणाला येत नाही. ताईंना विचारलं तर आठवलं: मूळ केबल उंदरांनी कुरतडली तेव्हा ही बाजारातून आणली होती, आणि पुसट दिसायला लागलं ते त्यानंतरच. मॉनिटरचं वय मध्येच बदनाम झालं.

दुकानात व्हीजीए केबल मागताना ‘३+४’ किंवा ‘३+६’ असं म्हणायचं, आणि न म्हणता दिली तर अंगावरचं वाचून घ्यायचं.

६ ऑक्टोबर

घरच्या अडगळीतली एक जाड केबल सापडली, दोन्ही टोकांना फेराइटच्या गाठी असलेली. मीटरवर १२ आणि १५ दोन्ही वाजल्या. नऊ नंबरची पिन नाही, पण ती बऱ्याच केबलींत नसते. ही केबल लावली.

ईडीआयडी वाचली: १२८ बाइट. सुरुवात नियमाप्रमाणे, एक शून्य बाइट, मग २५५ भरलेले सहा, परत शून्य. सगळ्या बाइटांची बेरीज २५६ ने भागून बाकी शून्य, म्हणजे चिठ्ठी शाबूत. आकाराच्या जागी ३४ आणि २७, टेपने मोजले तेच. वर्षाच्या बाइटमध्ये १६. हे वर्ष १९९० पासून मोजतात, तेव्हा मॉनिटर २००६ चा. अठरा वर्षांची चिप अजून न चुकता उत्तर देतेय.

२९ तारखेच्या फाइलचं नाव बदलून ती निष्क्रिय केली. खरी ओळख मिळत असताना तिची गरज नाही, आणि उद्या अनुदानातून रुंद मॉनिटर आला तर हीच फाइल त्यालाही १२८० × १०२४ मध्ये कोंबेल. पुसली मात्र नाही.

यादीत आता ७५ हर्ट्झही दिसतंय. ६० च ठेवलं. ७५ ला पिक्सेल क्लॉक १३५ मेगाहर्ट्झवर जातो आणि फेजला चुकायला जागा आणखी कमी उरते. सीआरटीवर ७५ ने लुकलुक थांबायची. एलसीडीच्या पाठीमागची उजेडाची ट्यूब रिफ्रेश रेटवर चालत नाही, तिथे नुसता भार.

८ ऑक्टोबर

रंग आणि उजेड. कॉन्ट्रास्ट कोणीतरी १०० वर नेऊन ठेवलेला. पुसट दिसतंय म्हटलं की हात आधी तिकडेच जातो. त्याने झालं असं की पांढऱ्याच्या जवळच्या सगळ्या फिक्या छटा पांढऱ्यातच विरल्या, आणि कॅल्कच्या चौकटींच्या रेघा फिक्या राखाडी असल्याने पडद्यावरून गायबच झाल्या. ताई ओळ चुकू नये म्हणून पडद्यावर फूटपट्टी धरून वाचत होत्या! राखाडीच्या पायऱ्यांचं चित्र लावून शेवटची पायरी पांढऱ्यापासून वेगळी दिसेपर्यंत कॉन्ट्रास्ट खाली आणला. ७० च्या खाली रेघा परत आल्या. फूटपट्टी ड्रॉवरमध्ये गेली.

रंगाचं तापमान ९३०० केल्विनवरून ६५०० वर. पहिले दहा मिनिटं सगळं पिवळट वाटतं, मग डोळा स्थिरावतो.

अक्षरांसाठी नोटो सान्स देवनागरी, १२ पॉइंट, ९६ डीपीआय. पॅनलचा पिक्सेल ०.२६४ मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला ९६ च बसतात. इथे काही लांबवायची गरज नाही. हिंटिंग, म्हणजे अक्षरांच्या रेषा पिक्सेलांवर बसवणं, ‘थोडं’ ठेवलं. ‘पूर्ण’ केलं की इंग्रजी अक्षरं धारदार होतात, पण रफार आणि मात्रा शिरोरेषेवर दाबल्या जातात. सबपिक्सेलचा (पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या भागांचा) क्रम आरजीबी.

एक अवांतर: असल्या पडद्याला लोक नाकं मुरडतात, पण नोंदवहीसाठी मला तो आवडतो. बाजारातल्या काही स्वस्त रुंद लॅपटॉपला उंचीत ७६८ ओळी मिळतात, इथे १०२४. कॅल्कमध्ये दहा-पंधरा ओळी सहज जास्त दिसतात.

१० ऑक्टोबर

नवीन कुरकुर: फिकट आडवे पट्टे, पडद्यावर हळूहळू वर सरकणारे. नवी केबल जाड असूनही. मॉनिटर भिंतीतल्या सॉकेटवर, सीपीयू यूपीएसवर, आणि भिंतीच्या सॉकेटला अर्थिंग नावालाच. दोघांच्या अर्थिंगच्या पातळीत फरक पडला की तो व्हीजीएच्या तारेतून वाहतो आणि पट्ट्यांच्या रूपात दिसतो. मॉनिटर यूपीएसवरच घेतला. गेले.

अर्थिंगचं कार्यवाहांना लिहून दिलं. ते मॉनिटरपेक्षा महत्त्वाचं आहे.

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला, आज दिवाळी अंकांच्या नावनोंदणीला सुरुवात. ताई दिवसभर काउंटरवर होत्या, डोकं चढल्याची तक्रार नाही. जुन्या नोंदींतले घ-ध, भ-म त्यांनी कपाटातल्या पुस्तकांशी ताडून दुरुस्त करायला घेतलेत, रोज एक कपाट.

राहिलेलं: सकाळी सुरू केल्यावर पडदा पहिली काही मिनिटं मंद आणि तांबूस असतो. मागची सीसीएफएल ट्यूब थकलीय. ती मी उघडणार नाही. ट्यूब पेटवणाऱ्या आतल्या इन्व्हर्टर बोर्डवर शेकडो व्होल्ट असतात आणि ट्यूबमध्ये पारा. तालुक्याला टीव्हीचे बोर्ड दुरुस्त करणारा एक जण आहे, दिवाळीनंतर त्याला दाखवायचं आणि खर्च विचारायचा. सेकंडहँड मॉनिटरच्या किमतीच्या वर गेला तर नको, ब्राइटनेस चार घरं वाढवून आणखी एखादं वर्ष निघेल.

बालविभागातल्या दुसऱ्या संगणकाचा पडदाही १०२४ × ७६८ वरच आहे. जाता जाता केबल उलटून पाहिली: ३+२.